लेसर रंगांध असतो, जखम नसते

लग्नसराई जवळ आली की हा वाद दरवर्षी नव्यानं पेटतो. कुठल्याशा पुरवणीत 'ब्रायडल पॅकेज'ची जाहिरात येते. त्यात फेशियल, कार्बन पील, मेहंदी आणि लेसर रिसर्फेसिंग अशी सगळी नावं एकाच यादीत एकाखाली एक छापलेली असतात, आणि मग दोन गट एकमेकांवर तुटून पडतात. एक म्हणतो, देवानं दिलेला चेहरा भाजून घ्यायची ही कसली हौस? आमच्या आज्या साय-हळद लावूनच बोहल्यावर चढल्या. दुसरा म्हणतो, चेहरा माझा, पैसे माझे, निर्णय माझा. तुम्ही विचारणारे कोण? दोघांचा आवाज चढलेला असतो आणि दोघंही एकाच चुकीच्या प्रश्नावर भांडत असतात: सुंदर दिसावंसं वाटणं बरं की वाईट? त्या वाटण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझी तक्रार त्या यादीबद्दल आहे. लेसर रिसर्फेसिंग त्या यादीत असताच कामा नये. ती कातडीचा थर जाळून नवा उगवू देण्याची शस्त्रक्रिया आहे, आणि गव्हाळ-सावळ्या कातडीवर तिचे धोके वेगळे आणि जास्त आहेत. म्हणून ती कोणी करायची, कोणावर करायची आणि करण्याआधी काय सांगायचं, हे दुकानदारावर आणि गिऱ्हाइकावर सोडून चालणार नाही. हा सार्वजनिक प्रश्न आहे.

नेमकं काय होतं ते आधी पाहू, कारण जाहिरातीत 'उजाळा', 'नवी त्वचा', 'ग्लो' असले शब्द असतात. भाजणं हा शब्द नसतो. या उपचाराचं मूळ यंत्र म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेसर. त्याच्या किरणाची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. ही तरंगलांबी पाणी चटकन शोषून घेतं, आणि आपल्या कातडीत पाणी भरपूर. किरण पडला की त्या जागेच्या पेशींतलं पाणी क्षणार्धात उकळतं आणि वरचा थर वाफ होऊन जातो. खालच्या थरात उष्णता मुरते, तिथलं कोलॅजेन, म्हणजे कातडीला घट्ट धरणारं प्रथिन, आकसतं आणि शरीर भाजल्याची जखम भरायला घेतं. नवी कातडी उगवते ती मुख्यतः केसांच्या मुळांतून आणि त्यांच्या आसपासच्या ग्रंथींतून. चेहऱ्यावर या दाट असतात, मानेवर विरळ. म्हणूनच जी तीव्रता गालाला सोसते तीच मानेवर व्रण ठेवून जाऊ शकते. जे सुधारणं दिसतं ते या जखम भरण्याचंच फळ आहे. जखम हा इथे उपचाराचा दुष्परिणाम नाही. जखम हाच उपचार आहे. मग जखम बिघडण्याचे जे जे प्रकार असतात ते सगळे इथेही संभवतात: जंतुसंसर्ग, तोंडाभोवती दबा धरून बसलेल्या नागिणीच्या भाऊबंद विषाणूचा उद्रेक, महिनोन्महिने न जाणारी लाली, उंचवट्याचे व्रण, आणि आपल्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा म्हणजे रंगाचा बिघाड.

हा कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये ज्यांनी तयार केला ते कुमार पटेल बारामतीत जन्मले होते आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले होते. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो, पण तिचा दुसरा पदर मनातून जात नाही. यंत्र एका मराठी मुलखात वाढलेल्या माणसाच्या हातून जन्मलं. ते कातडीवर कसं चालवायचं याची गणितं मात्र बहुतांश गोऱ्या कातडीवर बसवली गेली. त्वचेचा प्रकार ओळखायला आजही जी मोजपट्टी जगभर वापरतात ती हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडली. ऊन लागल्यावर कातडी भाजते की रापते, हा तिचा मूळ प्रश्न, आणि तो गोऱ्या रुग्णांसाठी होता. गव्हाळ आणि काळ्या कातडीचे प्रकार तिला नंतर जोडले गेले. आपल्याकडची बहुतेक माणसं चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात, म्हणजे त्या पट्टीच्या शेपटाकडे. त्याच १९७५ मध्ये आपल्याकडे फेअर अँड लव्हली बाजारात आली. कातडीचं शास्त्र आपल्या रंगाला अजून जागा देत नव्हतं आणि बाजार तो रंग घालवायला सांगत होता, तोही एकाच वेळी.

हा किरण रंग पाहत नाही, पाणी पाहतो, असं विक्रेते सांगतात, आणि ते खरं आहे. पण त्यावरून 'म्हणून हा सगळ्या त्वचांना सुरक्षित' हा निष्कर्ष काढणं ही फसवणूक आहे. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण सारख्याच संख्येनं असतात. आपल्याकडे त्या जास्त तत्पर असतात. उष्णता, ओरखडा, पुळी, मच्छराचा चावा, कशालाही त्यांचं उत्तर एकच: आणखी रंग. लहानपणी गुडघा फुटला की जखम महिन्याभरात भरायची आणि काळा डाग वर्षभर राहायचा, हे कोणाला आठवत नाही? लेसरनं केलेल्या हजारो सूक्ष्म जखमांनाही शरीर हेच उत्तर देतं. हा डाग लगेच येत नाही. कातडी भरून आली, खपल्या पडल्या, चेहरा गुलाबी-गुळगुळीत दिसू लागला, 'आधी आणि नंतर'चा फोटो काढून झाला, की तीन-चार आठवड्यांनी तो वर येतो. याच्या उलटही घडतं. रंगाच्या पेशीच दुखावल्या किंवा मेल्या तर पांढरट पट्टे उमटतात; जुन्या, पूर्ण थर सोलणाऱ्या पद्धतीत ते सहा-सहा महिन्यांनी दिसू लागतात आणि पुष्कळदा कायमचे राहतात.

माझ्या नात्यातल्या एका मुलीच्या बाबतीत हे दोन्ही झालं. वय सत्तावीस, गालावर मुरुमांचे जुने खड्डे, लग्नाला सहा आठवडे. एका सौंदर्य-केंद्रात तिला सांगितलं, मशीन अमेरिकन आहे, दोन सिटिंगमध्ये चेहरा कोरा. पहिलीच सिटिंग झाली आणि महिन्याभरात दोन्ही गालांवर तपकिरी ठिपक्यांची चौकट उमटली. चाळणी दाबून धरावी तशी सरळ रेषेत. हळदीच्या दिवशी फोटोग्राफरनं ती दिव्याच्या कोनानं लपवली. अशा डागाला बहुतेकदा वेळ हेच औषध असतं. ऊन टाळायचं, मलमं लावायची, थांबायचं. पण त्याच केंद्रानं डाग घालवायला आणखी एक लेसर सुचवला, 'टोनिंग', दर आठवड्याला एक, आणि सात-आठ वेळा केल्यावर कपाळावर आणि गालावर मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसू लागले. त्यापुढचं मी विसरू शकत नाही. सासरच्या एका वयस्कर बाईंनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि तिच्या आईला हळूच विचारलं, "वहिनी, मुलीला कोड तर नाही ना? आधी सांगायचं होतंत."

परदेशातल्या पुस्तकात या ठिपक्यांना एक लांबलचक नाव आहे आणि ते 'सौंदर्यदृष्ट्या अप्रिय' मानले जातात. आपल्या घरात पांढरा डाग म्हणजे कोड, आणि कोड म्हणजे धाकट्या बहिणीचंही लग्न अडणं. कोड संसर्गजन्य नाही, तो डाग सोडला तर त्या माणसात काहीही उणं नाही, आणि तरी आपण अजून तसे वागतो, याची लाज आपल्याला वाटायला हवी. पण ती लाज वाटेपर्यंत धोक्याचा हिशेब याच समाजात मांडावा लागेल. तोच ठिपका तिथे नापसंतीचा विषय असतो, इथे एका मुलीचं स्थान हलवतो. असं असताना 'किरकोळ, तात्पुरते परिणाम संभवतात' ही भाषांतरित ओळ आपण जशीच्या तशी कशी स्वीकारायची?

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते पूर्ण मान्य करतो. पहिली गोष्ट म्हणजे हा उपचार खोटा नाही. मुरुमांचे खोल खड्डे, भाजल्यानंतर ताणून धरणारे व्रण, अपघाताच्या खुणा यांवर आज जे मोजके उपाय खरोखर काम करतात त्यांत लेसर आहे. भाजलेल्या हाताचं बोट मोकळं हलू लागणं याला नटणं म्हणणारा माणूस कधी अशा घरात गेलेला नसतो. मुरुमांच्या खड्ड्यांचंही तेच. पंधराव्या वर्षापासून फोटोत मान खाली घालणाऱ्या मुलाला 'मनाचं सौंदर्य बघ' म्हणणं सोपं असतं, कारण ते म्हणणाऱ्याची कातडी गुळगुळीत असते. आपल्या मागच्या पिढ्यांनी देवीचे व्रण घेऊन आयुष्यं काढली म्हणून पुढच्यांनीही काढावीत, असा काही नियम नाही.

दुसरं, यंत्रं सुधारली आहेत. १९९० च्या दशकात सगळा चेहरा एकसलग सोलला जाई. आठ-पंधरा दिवस ओल्या जखमेसारखा चेहरा, पुढे महिनोन्महिने लाली. २००४ मध्ये 'फ्रॅक्शनल' पद्धत आली. तिच्यात किरण बारीक स्तंभांच्या रूपात घुसतो, मधली कातडी शाबूत राहते आणि तिच्या आधारानं जखम लवकर भरते. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ आपल्या रंगावर ती जपून वापरतात: ठिपक्यांची दाटी कमी, दोन सिटिंगमध्ये मोठं अंतर, आधी कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर चाचणी, वांग असेल तर सरळ नकार. अशा हातात बहुतेक डाग मावळतात. हे सगळं मला मान्य आहे. फक्त 'अनुभवी', 'जपून', 'नकार' हे शब्द या युक्तिवादातून काढून पाहा, काय उरतं? सुरक्षितता यंत्रात नव्हती, ती हातात होती. यंत्र सुधारल्याचा पुरावा दाखवून हात कोणाचाही चालेल हे सिद्ध होत नाही. उलट यंत्र जेवढं सोपं दिसतं तेवढं ते नको त्या हातात लवकर जातं.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे: ही डॉक्टरांची मक्तेदारी झाली. तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले, त्यांची फी परवडत नाही. मग तालुक्याच्या मुलीनं खड्डे घेऊनच जगायचं का? आणि कौशल्य काय पदवीतच असतं? या आक्षेपाला पुण्याजवळचाच एक इतिहास बळ देतो. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका वैद्यानं कपाळाची कातडी वळवून नवं नाक करून दिलं. कोणतीही पदवी नसलेला, विटा पाडणाऱ्या जमातीतला माणूस. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'नं १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये ती हकिकत चित्रासह छापली, आणि त्यातूनच पुढे युरोपातल्या शल्यविशारदांनी ही पद्धत उचलली. मग पदवीचा एवढा बाऊ कशाला?

हा दाखला मला प्रिय आहे, म्हणूनच तो नीट वाचायला हवा. त्या वैद्यानं मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याभोवती रेघ ओढली, कातडी सोडवताना दोन डोळ्यांच्या मध्ये एक जिवंत पट्टी राखली म्हणजे रक्त वाहत राहील. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या, याच रंगाच्या कातडीवर, हाताखाली काम करत करत आलेलं होतं. चूक झाली तर ती गावात, सगळ्यांच्या समोर, माणसाच्या चेहऱ्यावर राहणार होती. वैद्य पत्ता बदलून दुसऱ्या नावानं फ्रँचायझी उघडणार नव्हता. त्या माणसाजवळ पदवी नव्हती, पण दीर्घ शिक्षण होतं आणि उत्तरदायित्व होतं. यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीकडून धावता डेमो पाहून ज्यानं लेसरचं पिस्तुल हातात घेतलं आहे, त्याच्याजवळ या दोन्हींपैकी काय आहे? बटणावर 'त्वचाप्रकार पाच' लिहिलेलं असतं. समोरची बाई गेले दोन महिने कोणती गोळी घेते आहे, तिचे व्रण फुगतात का, तिच्या गालावरचा डाग मुरुमाचा आहे की वांग आहे की आणखी गंभीर काही, हे बटण विचारत नाही.

त्या वैद्याच्या दाखल्यापेक्षा आजच्या परिस्थितीला जवळचा दाखला अमेरिकेतला आहे. १९२० च्या दशकात डॉ. अल्बर्ट गायझर यांच्या 'ट्रायको' यंत्रानं तिथल्या सौंदर्यगृहांत बायकांच्या चेहऱ्यावरचे नको असलेले केस क्ष-किरणांनी काढले जात. वेदना नाही, डाग नाही, विज्ञानाची देणगी, अशी जाहिरात. यंत्र चालवायला सौंदर्यगृहातली कर्मचारी पुरेशी. केस गेले, बायका खूश झाल्या. मग काही वर्षांनी कातडी सुरकुतली, रंग गेला, न भरणाऱ्या जखमा झाल्या, कित्येकींना कर्करोग झाला. लेसर म्हणजे क्ष-किरण नव्हे. त्यानं कर्करोग होतो असं मी अजिबात म्हणत नाही, तसं म्हणणारा चुकीची भीती घालतो. साम्य किरणात नाही, व्यवस्थेत आहे. दवाखान्याचं यंत्र दुकानात गेलं, फायदा आठवड्यात दिसला, नुकसान उशिरा आलं, आणि ते आलं तेव्हा जबाबदार धरायला कोणी नव्हतं.

राहिला तालुक्याच्या मुलीचा प्रश्न. तिच्या नावानं जो स्वस्त लेसर मागितला जातो तो तिला खरंच स्वस्त पडतो का? या उपचाराची निम्मी किंमत नंतर मोजायची असते. पहिला आठवडा घरात. पुढे कित्येक आठवडे दर दोन-तीन तासांनी सनस्क्रीन, उन्हात जाणं बंद. ज्यांचं काम एसीत आहे त्यांना हे जमतं. पण जी मुलगी सनकोट घालून, स्कार्फ गुंडाळून भर दुपारी स्कूटीवरून घरोघरी माल पोचवते, जी भाजीच्या गाड्यावर उभी असते, जी विदर्भाच्या मे महिन्यात आशा म्हणून गावभर फिरते, तिनं काय करायचं? तिला डाग पडण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि तो निस्तरायला पैसे सर्वांत कमी. तिला खरोखर काही द्यायचं असेल तर जिल्हा रुग्णालयात त्वचारोग विभाग आणि वेळेवर मुरुमाचा साधा उपचार द्या, म्हणजे खड्डे पडणारच नाहीत. हा उपचार गोळ्या-मलमांचा असतो. त्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात पॅकेज नाही.

'निर्णय माझा' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. उलट त्यांचा शब्द मी त्यांच्यापेक्षा गंभीरपणे घेतो. सज्ञान माणसाला धोका पत्करायचा हक्क आहे. पण माहीत नसलेला धोका पत्करता येतो का? सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं की संमती म्हणजे नुसती सही नव्हे. उपचाराचं स्वरूप, पर्याय, धोके पुरेसे सांगितल्यावर दिलेली संमती तीच खरी. माझ्या नात्यातल्या मुलीनं सही केलेला फॉर्म इंग्रजीत होता, चार पानी, आणि तो तिच्या हातात बधिर करणारं मलम चेहऱ्यावर चोपडून झाल्यावर दिला गेला. त्या मलमाबद्दलही बोलायला हवं. अमेरिकेत लेसरनं केस काढण्यापूर्वी तीव्र मात्रेचं असं मलम पायांना लावून वरून प्लास्टिक गुंडाळल्यामुळे दोन तरुणींचा मृत्यू झाला, आणि २००७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. लेसर अजून सुरूही झाला नव्हता. आपल्या 'ब्रायडल पॅकेज'मध्ये ते मलम कोण लावतं, किती लावतं, किती वेळ ठेवतं?

कायद्याची अवस्था तर उलटी आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार नोंदणीकृत डॉक्टरला रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करता येत नाही. ज्याला धोके माहीत आहेत त्याचं तोंड नियमानं बांधलेलं आहे. ज्याची कुठेच नोंदणी नाही तो हायवेवर वीस फुटी चेहरा लावू शकतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये केशरोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रियांबाबत सांगितलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं हे पुरेसं प्रशिक्षण नव्हे. असं लिहावं लागलं यातच सगळं आलं. आणि हा हात झटकण्याचा रोग आपल्यापुरता नाही. ब्रिटनमध्ये २०१३ च्या सरकारी आढाव्यात सर ब्रूस किओ यांनी नोंदवलं होतं की असे बिनशस्त्राचे सौंदर्योपचार घेणाऱ्याला बॉलपेन किंवा टूथब्रश विकत घेणाऱ्यापेक्षा जास्त संरक्षण नाही. तिथे परवान्यांची तरतूद करणारा कायदा व्हायला २०२२ उजाडलं.

महाराष्ट्रानं तेवढं थांबायची गरज नाही. कातडीचा थर जाळणारा कोणताही लेसर नोंदणीकृत आणि त्यात शिक्षण घेतलेल्या डॉक्टरच्याच हाती असावा, कर्मचाऱ्याच्या नव्हे. छोट्या जागेवर चाचणी आणि त्यानंतर निदान चार आठवड्यांची सक्तीची वाट, म्हणजे मुहूर्ताच्या तोंडावर कोणी चेहरा भाजून घेणार नाही. पावतीवर लेसर ज्यानं चालवला त्याचा नोंदणी क्रमांक, यंत्राचं नाव आणि त्या दिवशीची तीव्रता, म्हणजे बिघडलं तर दुसऱ्या डॉक्टरला निदान कुठून सुरुवात करायची ते कळेल. माझ्या नात्यातल्या मुलीच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत हेच विचारलं होतं: कोणतं मशीन, किती पॉवर, कोणी केलं? तिच्याजवळ एक गुलाबी कार्ड होतं. त्यावर सिटिंगच्या तारखा होत्या आणि पुढच्या पॅकेजवर वीस टक्के सवलत.